जुन्या ट्रॅक्टरचं खरं वय आणि मूळ इंधन कसं ओळखायचं, अगदी पहिल्या पायरीपासून

जुना ट्रॅक्टर दिसला की सगळे पहिल्यांदा हेच विचारतात, कितीचं मॉडेल आहे? दुसरा प्रश्न फार कमी लोक विचारतात, की हा कंपनीतून निघाला तेव्हा चालायचा कशावर? पेट्रोलवर, रॉकेलवर, डिझेलवर की गॅसवर? मला विचाराल तर दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण एक-दोन वर्षांची चूक झाली तर फारसं बिघडत नाही, पण इंधनाचा अंदाज चुकला तर तुम्ही भलताच कार्बोरेटर (हवा आणि इंधन मिसळणारा भाग) शोधत बसता, भलतं मॅनिफोल्ड (इंजिनात हवा-इंधन नेणारे आणि धूर बाहेर काढणारे ओतीव नळ) विकत घेता, आणि एवढं करून इंजिन नीट चालत नाही ते वेगळंच.

माझी पद्धत एका नियमावर उभी आहे आणि तो नियम असा की ट्रॅक्टर त्याच्यावरच्या सगळ्यात नवीन मूळ भागापेक्षा जुना असू शकत नाही. यातला "मूळ" हा शब्द नीट लक्षात ठेवा. पन्नास-साठ-सत्तर वर्षांत बॅटरी बदलते, टायर बदलतात, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर येतो, बोनेट दुसऱ्या ट्रॅक्टरचं बसतं, कधी कधी अख्खं इंजिन बदललेलं असतं. म्हणून एका खुणेवर विश्वास ठेवायचा नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या निदान तीन खुणा एकच गोष्ट सांगायला लागल्या की मगच मानायचं.

पुसण्याआधी बघा

पहिली पायरी म्हणजे ट्रॅक्टरला हात न लावणं. उत्साहाच्या भरात लोक आधी प्रेशरने धुतात, मग वायर ब्रश लावतात आणि मग रंग, आणि या तीन कामांत अर्धा पुरावा निघून जातो. आधी फोटो काढा, चारही बाजूंनी, मग इंजिनच्या डाव्या बाजूचे, उजव्या बाजूचे, टाकीच्या खालचे, डॅशबोर्डच्या मागचे. इंधनाचे पाइप कुठून निघून कुठे जातात ते एका फोटोत दिसेल असं बघा, कारण एकदा पाइप काढला की तो कुठे होता हे आठवत नाही.

रंगावर लगेच जाऊ नका, पण रंगाचे थर मात्र बघा. बॅटरीच्या ट्रेखाली, डॅशच्या मागे, मडगार्ड जिथे बोल्टने बसतं तिथे जुना रंग टिकून असतो. जुन्या फोर्डसन मॉडेल एनचं उदाहरण घ्या, हे ट्रॅक्टर इंग्लंडमध्ये डॅगनहॅमला बनत होते तेव्हा १९३७ साली निळ्याचे नारिंगी झाले आणि १९४० च्या सुमारास हिरवे, म्हणजे खालचा मूळ थर सापडला तर काही वर्षांची चौकट हातात येते. फर्ग्युसन टीई२० करडाच असायचा, १९५६ चा एफई३५ करडा आणि सोनेरी, आणि नंतरचा मॅसी फर्ग्युसन ३५ लाल आणि करडा. त्यामुळे लाल रंगाखाली सोनेरी इंजिन दिसलं तर थांबा, तो ट्रॅक्टर सांगतात त्यापेक्षा आधीचा असू शकतो.

आणि एक काळजी. या वयाच्या रंगात शिसं असू शकतं आणि ब्रेक, क्लच, जुन्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून कोरडं घासून धूळ उडवू नका. ओलं करून किंवा रंग काढायचं केमिकल लावून काम करा, मास्क घाला.

नंबर शोधणं आणि वाचणं

ट्रॅक्टरवर एकच नंबर असतो असं बऱ्याच जणांना वाटतं. असतात तीन-चार प्रकारचे, आणि सगळा घोळ इथेच होतो. ट्रॅक्टरचा सिरियल नंबर वेगळा, इंजिन नंबर वेगळा, ओतीव भागावर उठावात असलेला पार्ट नंबर तिसरा आणि ओतकामाची तारीख चौथी. उठावातले मोठे आकडे दिसले की लोक तेच सिरियल नंबर म्हणून लिहून घेतात आणि कुठल्या वर्षी कुठले नंबर निघाले त्या यादीत शोधतात, आणि अर्थातच काही सापडत नाही. साधी ओळख सांगतो, उठावात वर आलेला नंबर हा साच्यातून आलेला असतो म्हणजे तो त्या डिझाइनच्या हजारो भागांवर सारखाच असणार, आणि पंचाने आत ठोकलेला नंबर त्या एकाच ट्रॅक्टरचा किंवा इंजिनचा.

ठोकलेला नंबर गंजलेला असेल तर ग्राइंडर किंवा ड्रिलवरचा वायर ब्रश अजिबात लावू नका. मी एकदा घाईत मशीनचा ब्रश लावून प्लेटवरचा एक आकडा कायमचा घालवलाय आणि त्या एका आकड्यामुळे त्या ट्रॅक्टरचं वर्ष आजही पक्कं सांगता येत नाही, अजून वाईट वाटतं. रंग काढायचं केमिकल, जुना टूथब्रश, पितळी तारांचा हातब्रश, एवढंच वापरायचं. मग पांढरा खडू आडवा घासा, खडू खोलगट भागात बसतो. अंधार करून टॉर्च अगदी बाजूने, जवळजवळ पत्र्याला टेकवून धरा, सावलीत आकडे उठून दिसतात. तरी नाही दिसलं तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवा, शाळेत नाण्याचा छाप काढायचो तसं.

प्लेट असेल तर तिचे रिव्हेट बघा. मूळ रिव्हेट आणि नंतरचे स्क्रू यात फरक कळतो, आणि प्लेटच्या कडेखाली जुना रंग गेला असेल तर ती नंतर लावलेली आहे. प्लेट नवीनही मिळते, त्यामुळे नुसती प्लेट म्हणजे पुरावा नाही.

आता नंबर काय सांगतो ते. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असते आणि एका कंपनीची भाषा दुसरीला लावली की हमखास चुकतं, हे मी तीन उदाहरणांनी दाखवतो.

पहिलं फर्ग्युसन टीई२०. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात १९४६ ते १९५६ मध्ये हे पाच लाखांहून जास्त बनले. नंबरची प्लेट डॅशवर असते आणि नंबरच्या आधीची अक्षरं इंधन सांगतात. टीई म्हणजे सुरुवातीचे, अमेरिकन कॉन्टिनेंटल पेट्रोल इंजिनचे. टीईए म्हणजे स्टँडर्ड कंपनीचं पेट्रोल इंजिन. टीईडी म्हणजे टीव्हीओवर चालणारा, टीव्हीओ म्हणजे ट्रॅक्टरसाठीचं रॉकेलसारखं इंधन, ट्रॅक्टर व्हेपोरायझिंग ऑइल. टीईएफ म्हणजे डिझेल, आणि टीईएच म्हणजे दिव्याच्या तेलावर, एकदम कमी ऑक्टेनच्या रॉकेलवर चालणारा (ऑक्टेन म्हणजे इंजिन न ठोकता दाब सहन करायची इंधनाची ताकद). बघा, इथे डी म्हणजे डिझेल नाही! कितीतरी लोक टीईडी प्लेट बघून "ओरिजिनल डिझेल" म्हणून सांगतात, विकतात, घेतात. डिझेलचं अक्षर एफ आहे.

आणि त्याच घराण्याच्या पुढच्या मॉडेलमध्ये, एफई३५ आणि मॅसी फर्ग्युसन ३५ मध्ये, पद्धत बदलली. तिथे नंबरच्या सुरुवातीच्या तीन अक्षरांतलं मधलं अक्षर बघायचं, डी म्हणजे खरंच डिझेल, जी म्हणजे पेट्रोल, के म्हणजे टीव्हीओ. एन दिसला तर तो पर्किन्स या इंजिन कंपनीच्या तीन सिलिंडर डिझेलचा, म्हणजे १९५९ च्या शेवटानंतरचा, त्याआधी डिझेल ३५ ला स्टँडर्डचं चार सिलिंडर इंजिन होतं. म्हणजे एकच अक्षर डी, दोन मॉडेलमध्ये दोन वेगळी इंधनं.

तिसरं उदाहरण फोर्डची एन मालिका. ९एन १९३९ ला आला, २एन १९४२ ला, ८एन १९४७ ला आणि ८एन १९५२ पर्यंत चालला. नंबर ब्लॉकच्या डाव्या बाजूला, हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) खाली सपाट जागेवर ठोकलेला असतो, पुढेमागे चांदणीसारखी खूण असते. इथे गंमत अशी की २एन वर सुद्धा नंबरची सुरुवात ९एन अशीच असते, त्यामुळे "नंबर ९एन आहे म्हणजे १९४० चा" असं म्हणता येत नाही, नंबर साधारण ९९ हजारांच्या पुढे गेला की तो २एन. मात्र हा नंबर इंजिन ब्लॉकवर आहे हे विसरू नका, ब्लॉक बदलला की नंबरही बदलला.

इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या फार्मॉलमध्ये नंबरच्या शेवटी येणारी अक्षरं बघायची, काही मालिकांमध्ये ती इंधनाबद्दल आणि उंच प्रदेशासाठीच्या खास पिस्टनबद्दल सांगतात. नफील्ड युनिव्हर्सलमध्ये तर मॉडेलच्या नावातच आहे, एम४ म्हणजे टीव्हीओ, पीएम४ पेट्रोल, डीएम४ डिझेल.

ओतीव भागांवरच्या तारखा

सिरियल नंबर गेला असेल, प्लेट नसेल, तरी लोखंडावर तारीख असते. ब्लॉक, गिअरबॉक्स, मागचा एक्सल हाउसिंग, हायड्रॉलिकचं झाकण, या ओतीव भागांवर बऱ्याच कंपन्या ओतकामाची तारीख साच्यातच टाकायच्या. पार्ट नंबर लांबलचक असतो आणि तारीख छोटी, तीन-चार अक्षरं-आकडे, त्यावरून ओळखायचं. फोर्डच्या एन मालिकेत पहिलं अक्षर महिना, मग दिवस, आणि शेवटचा आकडा वर्षाचा शेवटचा आकडा. हार्वेस्टरमध्ये महिना, दिवस आणि मग वर्षासाठी एक अक्षर.

इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, भाग ओतला जातो आधी आणि ट्रॅक्टर जोडला जातो नंतर, मध्ये काही आठवडे ते काही महिने जाऊ शकतात, म्हणून ओतकामाची तारीख सिरियल नंबरच्या तारखेच्या थोडी आधी असणं बरोबर, नंतर असणं मात्र धोक्याची खूण. आणि दुसरं, एकाच भागाची तारीख घेऊन थांबू नका. ब्लॉक, गिअरबॉक्स, मागचं हाउसिंग या तिन्हींच्या तारखा काढा. तिन्ही दोन-तीन महिन्यांच्या आत असतील तर ट्रॅक्टर अखंड आहे असं समजायला हरकत नाही. मागचं हाउसिंग १९४८ आणि ब्लॉक १९५१ असेल तर इंजिन नंतरचं बसवलंय, आणि अशा वेळी ट्रॅक्टरचं वय हाउसिंगवरून धरा, कारण इंजिन बदलणं सोपं, मागचं हाउसिंग सहसा कुणी बदलत नाही.

वायरिंग, बोल्ट, चाकं

ल्युकास या विजेचं सामान बनवणाऱ्या कंपनीच्या डायनॅमो, सेल्फ, मॅग्नेटोवर (मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी देणारा भाग) महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, म्हणजे "५ ५२" असेल तर मे १९५२. तसंच सामान बनवणाऱ्या डेल्को-रेमीच्या टॅगवर वर्षाचा शेवटचा आकडा, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस. हे भाग बदलले जातात हे खरं, पण सगळेच एकाच महिन्याचे निघाले तर तो योगायोग नसतो. अल्टरनेटर असेल तर १९६० च्या आधीच्या ट्रॅक्टरवर तो नंतरच बसवलेला.

ब्रिटिश ट्रॅक्टर असेल तर बोल्टचे आटे बघा. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने १९४८ च्या शेवटी एकसारख्या आट्यांचा करार केला, त्याआधीच्या बऱ्याच मशिनवर व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आटे असतात आणि व्हिटवर्थचे पाने लागतात, नंतर हळूहळू यूएनएफ-यूएनसी, म्हणजे त्या कराराचे आटे, येत गेले. एकाच ट्रॅक्टरवर दोन्ही असू शकतात, बदलाच्या काळात असंच असायचं, पण कुठला भाग कुठल्या पान्याने उघडतो हे लिहून ठेवलं की बदललेले भाग पटकन सापडतात.

टायरवरून ट्रॅक्टरचं वय काढू नका. लोखंडी चाकं आहेत म्हणून फार जुना असंही नाही, अ‍ॅलिस-चामर्सने मॉडेल यू वर हवेचे टायर १९३२ ला दिले पण दुसऱ्या महायुद्धात रबर नव्हतं म्हणून फोर्डचे २एन पुन्हा लोखंडी चाकांवर आणि बॅटरीशिवाय, मॅग्नेटोवर निघाले. रिमच्या आतल्या बाजूला कधी कधी तारीख ठोकलेली असते, ती मात्र उपयोगाची.

आता मूळ इंधन

इथून पुढे जरा सावकाश वाचा, कारण खरी चूक इथेच होते.

सुरुवात करा ती डिझेल आहे की नाही यापासून. डिझेलला फ्युएल पंप, प्रत्येक सिलिंडरला जाणारे जाड भिंतीचे बारीक लोखंडी पाइप, हेडवर नोझल, आणि एक किंवा दोन मोठे फिल्टर असतात. स्पार्क प्लग, कॉइल, डिस्ट्रिब्युटर नसतात. सोपं वाटतं, पण तीन ठिकाणी फसायला होतं.

एक, हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना आत गरम करणारा प्लग. हेडवर किंवा मॅनिफोल्डवर वायर जोडलेला प्लग दिसला की लोक स्पार्क प्लग समजतात. हीटर प्लगला एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी जाड पट्टी किंवा वायर असते आणि ती डिस्ट्रिब्युटरकडे जात नाही.

दोन, हवेच्या तोंडाशी बटरफ्लाय, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी फिरती चकती. डिझेलमध्ये बटरफ्लाय नसतो असं शिकवलं जातं, पण १९५० च्या काळातल्या बऱ्याच डिझेल ट्रॅक्टरवर वॅक्युम गव्हर्नर (हवेच्या ओढीवर इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) असायचा, त्यात इनलेट मॅनिफोल्डवर बटरफ्लाय आणि तिथून एक पाइप पंपाच्या मागच्या डायफ्रामला. फर्ग्युसन टीईएफ२० चा सीएव्ही कंपनीचा पंप असाच, फोर्डसन डेक्स्टाचा सिम्स पंपही असाच. तो बटरफ्लाय बघून "आधी पेट्रोल होता, नंतर डिझेल केला" असं ठरवू नका, तो कंपनीचाच आहे.

तीन, डिझेल ट्रॅक्टरवरच पेट्रोलचं सामान. कॅटरपिलरच्या जुन्या डिझेलवर मोठं इंजिन फिरवायला बाजूला छोटं पेट्रोल इंजिन असायचं. आणि फार्मॉल एमडी तर त्याहून वेगळा, त्याच इंजिनात कार्बोरेटर पण, स्पार्क प्लग पण आणि डिझेल पंप पण, पेट्रोलवर चालू करायचं आणि मग लिव्हरने डिझेलवर न्यायचं. असा ट्रॅक्टर बघून कुणी "अर्धवट बदललेला" म्हणून कार्बोरेटर काढून टाकला तर तो परत चालू करणं अवघड होऊन बसतं.

काही तर या कशातच बसत नाहीत. लान्झ बुलडॉग हा गरम गोळ्याचा, म्हणजे हेडचा पुढचा भाग ब्लो-लॅम्पने लाल करून चालू करायचा, तिथे ना स्पार्क प्लग ना हीटर प्लग. फील्ड मार्शल एका सिलिंडरचा टू-स्ट्रोक डिझेल, तो पेटलेल्या खास कागदाने किंवा काडतुसाने सुरू व्हायचा. हेडवर विचित्र स्क्रूचं होल्डर दिसलं तर ते बंद करू नका.

आता डिझेल नाही असं ठरलं, मग पेट्रोल की रॉकेल. हे दोन्ही बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसतात. दोघांनाही कार्बोरेटर, दोघांनाही स्पार्क प्लग. फरक कशात आहे ते समजून घेतलं की खुणा आपोआप दिसतात. रॉकेल थंड इंजिनात वाफ होत नाही, म्हणून इंजिन आधी पेट्रोलवर सुरू करून गरम करायचं आणि मग रॉकेलवर न्यायचं, शिवाय गरम राहील अशी सोय करायची. आणि रॉकेलचं ऑक्टेन कमी, त्यामुळे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-इंधन किती दाबलं जातं ते, कमी ठेवावं लागतं, नाहीतर इंजिन ठोकतं, म्हणजे आतून ठक-ठक आवाज करतं. या दोन कारणांतून सगळे भाग निघतात.

टाकीपासून सुरू करा. रॉकेलच्या ट्रॅक्टरला दोन टाक्या किंवा एकाच टाकीत आडवा पडदा घालून दोन कप्पे, एक मोठा रॉकेलचा आणि एक लहान पेट्रोलचा. दोन झाकणं असतात. पुढे पेट्रोलवर बदलला असेल तर लहान टाकी काढून टाकलेली असते, पण बोनेटमधलं दुसरं भोक, टाकीचे ब्रॅकेट, ब्रॅकेटची बोल्टची भोकं राहतात, बोनेट उचलून खालून बघा, वेल्डिंगने बुजवलेलं वर्तुळ दिसेल. एकाच टाकीत दोन कप्पे असतील तर आत टॉर्चने बघून पडदा आहे का ते पहा, मात्र दिवा किंवा काडी नाही, आणि जुन्या टाकीला वेल्डिंग तर कधीच स्वतः करू नका, पन्नास वर्षं रिकामी टाकीसुद्धा पेट घेते.

मग कॉक. पेट्रोलच्या ट्रॅक्टरला एक साधा कॉक आणि काचेचा बाउल. रॉकेलच्या ट्रॅक्टरला तीन तोंडांचा कॉक किंवा दोन वेगळे कॉक. आणि कार्बोरेटरच्या तळाशी निचऱ्याचा छोटा नळ असेल तर तो महत्त्वाचा पुरावा, कारण रॉकेलवर बंद केलेलं इंजिन थंड झाल्यावर पेट्रोलवर सुरू करायचं तर आधी बाउलमधलं रॉकेल काढून टाकावं लागायचं.

तिसरं मॅनिफोल्ड, आणि माझा सगळ्यात जास्त विश्वास यावर. पेट्रोलचं इनलेट मॅनिफोल्ड एक्झॉस्टपासून थोडं वेगळं असतं. रॉकेलमध्ये एक्झॉस्टची उष्णता इनलेटला मिळावी म्हणून दोन्ही एकत्र ओतलेले असतात किंवा एकमेकांना चिकटलेले, वर पत्र्याचं कवच, आणि कधी कधी उष्णता कमी-जास्त करायची झडप. झडपेचा लिव्हर अडकलेला असतो पण त्याची खूण राहते. मॅनिफोल्ड बदललेलं असू शकतं, म्हणून त्याचाही पार्ट नंबर वाचून पुस्तकाशी ताडून बघा.

चौथं, थंडी-गरमीची सोय. रेडिएटरच्या पुढे पडदा किंवा झडपा, म्हणजे शटर, आणि डॅशवर पाण्याचं टेम्परेचर मीटर. जॉन डिअरच्या दोन सिलिंडरच्या ऑल-फ्युएल ट्रॅक्टरवर हे बघायला मिळतं. शटर काढून टाकलेलं असेल तरी डॅशपासून रेडिएटरकडे जाणाऱ्या रॉडची भोकं सापडतात. नुसत्या मीटरवरून मात्र रॉकेल म्हणू नका, पेट्रोलवरही मीटर असतं.

पाचवं कॉम्प्रेशन. रॉकेल इंजिनाचं कॉम्प्रेशन साधारण साडेचार-पाचास एक, त्याच काळातलं पेट्रोल साधारण सहाच्या आसपास, आणि डिझेल पंधराच्या वर. गेज लावून बघताना इंजिन झिजलेलं असेल तर आकडा फसवा येतो, म्हणून हे शेवटचा पुरावा म्हणून वापरा, एकट्याने नाही. डिझेलवर पेट्रोलचं गेज लावू नका, दाब तीनशे पीएसआयच्या वर जातो. हेड काढलंच असेल तर हेडवरचा आणि पिस्टनवरचा नंबर लिहून घ्या, मग कॉम्प्रेशनचं गेजसुद्धा लागत नाही.

आणि एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, रॉकेलचं इंजिन पेट्रोलवर चालतं, जरा कमी ताकदीने का होईना, त्यामुळे "मी तर इतकी वर्षं पेट्रोलच घालतोय" या बोलण्यावरून मूळ इंधन ठरत नाही. उलटं मात्र चालत नाही, पेट्रोलच्या कॉम्प्रेशनला रॉकेल घातलं तर ते ठोकणार.

कार्बोरेटर ओळखताना तो कुठल्या कंपनीचा यापेक्षा कुठला नंबर हे जास्त महत्त्वाचं. फर्ग्युसनवर झेनिथ, फोर्डच्या एन मालिकेवर मार्व्हल-शेबलर. मार्व्हल-शेबलरचा नंबर टीएसएक्स असा सुरू होतो, ९एन आणि २एन ला टीएसएक्स-३३ आणि ८एन ला टीएसएक्स-२४१, हा नंबर छोट्या पत्र्याच्या टॅगवर असतो. बॉडीवरचा उठावातला नंबर हा ओतकामाचा, कार्बोरेटरचा नव्हे, ही चूक सगळ्यात जास्त होते. टॅग गेला असेल तर बाउल काढून आतले पितळी जेट बघा, त्यावर आकडा ठोकलेला असतो, आणि त्याच इंजिनाच्या पुस्तकात पेट्रोलचा आणि रॉकेलचा जेट किती ते दिलेलं असतं, रॉकेलचा मोठा असतो. टॅग बाउलच्या स्क्रूखाली असतो, दुरुस्तीत तो हरवतो किंवा दुसऱ्या कार्बोरेटरवर जातो, म्हणून टॅग आणि जेट दोन्ही जुळले पाहिजेत.

गॅसचे, म्हणजे एलपीजीचे, ट्रॅक्टर कंपनीतूनही यायचे, मिनियापोलिस-मोलाइनने १९४१ पासून दिले. जाड गोल टाकी, रेग्युलेटर आणि पाण्याने गरम होणारा व्हेपोरायझर असतो. अशा टाकीवर टेस्टची तारीख असलेली प्लेट असते, ती आधी वाचा आणि टाकी स्वतः उघडू नका.

डिझेलच्या पंपावरून काळ पण कळतो

लांबट डब्यासारखा, एका ओळीत पाइप निघणारा इनलाइन पंप जुन्या काळातला. गोल, एका बाजूला सगळे पाइप असलेला सीएव्हीचा डीपीए रोटरी पंप १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. म्हणजे १९५० चा म्हणून सांगितलेल्या ट्रॅक्टरवर डीपीए असेल तर एकतर पंप बदललाय किंवा वर्ष खोटं आहे. पंपाच्या पोटावर प्लेट असते, तिच्यावर ३२३३एफ असं काही असेल तर तिसरा आकडा सिलिंडरची संख्या, इथे ३. इंजिन चार सिलिंडरचं आणि प्लेट तीनची असेल तर पंप दुसऱ्याचा. मात्र दुरुस्त करणारे लोक स्वतःची प्लेट लावतात आणि अदलाबदलीचा पंप देतात, म्हणून पंपाच्या बदलामुळे ट्रॅक्टरचं वय बदललं असं समजू नका, पंप बसायच्या फ्लॅन्जला जास्तीची भोकं किंवा मधे अ‍ॅडॉप्टरची पट्टी दिसते का ते बघा.

पर्किन्सचं इंजिन दिसलं की एक प्रश्न स्वतःला विचारा, हे इंजिन कंपनीने बसवलं की मालकाने? जुने पेट्रोल-रॉकेलचे ट्रॅक्टर डिझेल करायला पर्किन्सचे किट मिळायचे, फर्ग्युसन टीई२० ला पी३ बसवलेले खूप आहेत. टीई२० ला पी३ असेल आणि प्लेटवर टीईडी, तर ट्रॅक्टर मूळचा रॉकेलचा, आणि टीईएफचं मूळ इंजिन स्टँडर्डचं असतं, पर्किन्सचं नाही. १९७४ पासूनच्या पर्किन्सच्या इंजिन नंबरात शेवटचं अक्षर वर्षाचं, ए म्हणजे १९७४, बी म्हणजे १९७५ असं पुढे, त्यामुळे इंजिनाचं वय काढणं सोपं.

सगळं जुळवून बघणं

समजा एक ८एन आलाय, मालक म्हणतो १९४८ चा. कागद काढा, आणि प्रत्येक खुणेसमोर लिहा, ती काय सांगते आणि ती बदलता येते का. नंबर २ लाख ८० हजारांच्या आसपास, म्हणजे यादीप्रमाणे १९५०. डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या बाजूला, आणि तो ८एन मध्ये नंबर २६३८४४ पासून बाजूला आला, त्याआधी पुढे असायचा, म्हणजे हेही १९५० शी जुळतं. ओतकामाच्या तारखेत शेवटचा आकडा ०, हेही जुळतं. कार्बोरेटर मात्र टीएसएक्स-३३. तीन खुणा एकमेकांपासून वेगळ्या असून १९५० सांगतायत, मग ट्रॅक्टर १९५० चा, कार्बोरेटर जुन्या ९एन किंवा २एन वरून आलाय, आणि आता तुम्हाला शोधायचा आहे तो टीएसएक्स-२४१. मालकाचं १९४८ कुठून आलं ते त्याला विचारा, बहुतेक वेळा ते कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं.

शंका राहिलीच तर दोन ठिकाणी बघा. एक, त्याच मॉडेलचं मूळ पार्टस बुक, त्यात नंबरच्या कुठल्या आकड्यापासून कुठला भाग बदलला ते दिलेलं असतं, वर्षांच्या याद्यांपेक्षा हे जास्त कामाचं. दुसरं, अमेरिकेत विकल्या गेलेल्या मॉडेलसाठी तिथल्या नेब्रास्का राज्यात झालेल्या ट्रॅक्टर चाचण्यांचे रिपोर्ट, १९२० पासूनचे आहेत, पहिला टेस्ट वॉटर्लू बॉय मॉडेल एनचा, आणि प्रत्येक रिपोर्टमध्ये ट्रॅक्टरला कुठलं इंधन दिलं आणि कार्बोरेटर कुठला होता हे लिहिलेलं असतं. त्यावरून कळतं की त्या मॉडेलचे किती प्रकार बाजारात होते.

शेवटी काढलेला प्रत्येक भाग, खराब असला तरी, दोन्ही बाजूंनी फोटो काढून, तारेने पत्र्याची चिठ्ठी बांधून ठेवा, कुठून काढला आणि त्यावर कुठला नंबर होता ते लिहून. तुटलेल्या मॅनिफोल्डचा पार्ट नंबर हातात असेल तरच नवीन मागवताना रॉकेलचं की पेट्रोलचं हे सांगता येतं.